लाल दिवा आणि ऑपरेटरबाईंचा कान

गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटरबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजला कुलूप लागून इतकी वर्षं झाली होती, की हे नाव कशावरून पडलं ते निम्म्या गल्लीला ठाऊकच नव्हतं. कोपऱ्यावरच्या एका नव्या भाडेकरूचा तर समज होता की बाई पूर्वी ऑपरेशनं करायच्या. त्या दिसल्या की तो आपला दुखरा गुडघा पुढे करायचा, आणि बाईही कुणाचं मन कशाला मोडा म्हणून गुडघा दाबून बघून "शेक घेत जा" असं सांगायच्या. गंमत म्हणजे त्याला गुण यायचा.

खरं म्हणजे बाईंनी तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडून दिले होते. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, हातात वायरी. पलीकडचा माणूस नुसता खोकला तरी तो कोण हे त्या ओळखायच्या. दोन्हीकडून कुणीच बोलत नसेल तर लाइन तुटली आहे की नवरा-बायको रुसली आहेत, हेही आपल्याला नुसत्या शांततेवरून कळायचं असं त्या सांगत. सांगत म्हणजे वारंवार सांगत. एखादी गोष्ट फार चांगली येत असली की माणसाला ती झाकून ठेवता येत नाही, आणि बाईंनी तर तसा प्रयत्नही कधी केला नव्हता.

एक्स्चेंज बंद झाल्यावर घरात बसून काय करायचं, म्हणून त्यांनी कोंबडीची पिल्लं वाढवायला घेतली. उबवणी केंद्रातून भोकं पाडलेल्या खोक्यातून एकेका दिवसाची साठ पिल्लं यायची. त्यांना पाच आठवडे ऊब द्यायची. अंगावरची लव जाऊन पिसं आली की ती आपली आपण ऊब धरतात. मग आसपासचे लोक येऊन चार-चार, सहा-सहा घेऊन जायचे. बाईंची पिल्लं मरत नाहीत अशी ख्याती होती. एकदा तर लग्न ठरत नसलेल्या एका मुलीची आई पिल्लं न्यायला आली आणि जाताना "तुमचा हात गुणाचा आहे, जरा हिच्या डोक्यावरून फिरवा" म्हणाली. बाईंनी तोही फिरवला.

पिल्लांची जागा म्हणजे मागच्या अंगणातली लाकडी फळ्यांची खोली. आत पत्र्याचं गोल कडं. गोल अशासाठी, की कोपरा असला की पिल्लं भिऊन त्यात घुसतात आणि खालची गुदमरतात. कड्याच्या आत लाकडाचा भुसा, आणि वर तुळईला साखळीने टांगलेला लाल दिवा. दिवा चांगला दांडगा, तापला की जवळ हात धरवत नाही असा. पिल्लं गारठली की साखळीच्या दोन कड्या खाली, उकडायला लागलं की दोन कड्या वर. सगळं कौशल्य त्या दोन कड्यांत होतं.

आणि कधी खाली, कधी वर, हे बाई कानाने ठरवायच्या. दार सारखं उघडलं की गार वाऱ्याचा झोत आत शिरतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ दाणापाण्यापुरतं आत जायचं, आणि एरवी बाहेरून दाराला कान लावायचा. थंडी वाजत असेल तर पिल्लू सगळ्या अंगानिशी ओरडतं; बारीक, उंच, टोचणारा आवाज. पोट भरून उबेत असतील तर आपसात गुजगुजत बसतात. गप्प झाली म्हणजे झोपली. "एवढंच तर आहे शास्त्र," बाई म्हणायच्या. त्यांच्या यजमानांनी एकदा थर्मामीटर आणून दिला होता. तो बाईंनी खोलीत खिळ्याला टांगला, तोंड भिंतीकडे करून.

यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना गल्ली घड्याळकाका म्हणायची. डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू फिरवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि बोलणं त्यांच्या वाट्याला फारसं आलंच नव्हतं. दिवसाकाठी मोजून चाळीस शब्द. त्यातले दहा जेवताना. बाई मात्र दोघांपुरतं बोलायच्या, त्यामुळे संसार कुठे अडला नाही.

आठ वर्षांपूर्वी एकदा दिव्याचा चिमटा सुटला होता. तेव्हा साखळी नव्हती, चिमटाच होता. दिवा धपकन भुशात पडला आणि भुसा तडतडायला लागला. बाई स्वयंपाकघरात होत्या. ती तडतड त्यांनी दोन भिंतींपलीकडून ऐकली, पाण्याची बादली घेऊन धावल्या, आणि तीन फळ्या काळ्या पडण्यावर निभावलं. तेव्हापासून दिव्याला चिमट्याऐवजी साखळी आली. बाईंच्या कानाची कीर्ती तर पार उबवणी केंद्रापर्यंत गेली. काळ्या फळ्या त्यांनी बदलल्या नाहीत. आल्यागेल्याला दाखवायला बऱ्या पडायच्या.

हे सगळं खरं होतं. फक्त आठ वर्षांपूर्वी खरं होतं.

अलीकडे बाईंचं म्हणणं असं झालं होतं, की हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. विशेषतः लहान मुलं आणि लेक. लेक फोनवर म्हणायची, "आई, तू ओरडतेस का एवढी?" त्यावर बाई म्हणायच्या, "तू कुजबुजतेस का एवढी?" समोरच्या झाडावर पाखरं बसेनाशी झाली आहेत असंही त्यांनी दोन-तीनदा बोलून दाखवलं. झाडावर पाखरं होती. आणि पिल्लांबद्दल विचाराल, तर बाई एकदम खूश होत्या. "ही नवी जात फार गुणी. रडत म्हणून नाहीत," त्या शेजारच्या शिवणवालीला सांगायच्या. शिवणवाली मशीनवर खाली मान घालून "हं" म्हणायची.

पिल्लं मात्र खरंच मरत नव्हती. त्यामुळे शंका यावी तरी कशी?

काकांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. लेकीने तिच्या गावच्या इस्पितळात तारीख घेतली. आधी एक डोळा, तीन दिवसांचा मुक्काम. नेमकी त्याच्या आदल्या दिवशी साठ पिल्लांची नवी खेप आली होती. जाण्याच्या सकाळी चहा पिताना काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर सरळ केला.

"आपण हे घेऊ या."

कागदावर खाद्याच्या दुकानातल्या एका वस्तूचं चित्र होतं. चार बुटक्या पायांची काळी, चपटी फळी, आणि तिच्याखालून डोकावणारी पिल्लं.

"हा काय, पाट?" बाई म्हणाल्या. "पिल्लांना जेवायला बसवायचंय की काय?"

"विजेवर गरम होतो. खालच्या बाजूने. पिल्लं त्याच्याखाली बसतात, कोंबडीच्या पोटाखाली बसावं तशी. गार वाटलं की आत जातात, नको झालं की बाहेर येतात. आपण काही करायला नको."

"मग मी काय करायचं? हातावर हात ठेवून बसायचं?"

काकांनी चहाचा घोट घेतला. "दिव्याने आग लागते," ते म्हणाले.

"एकदा लागली. तेव्हा ऐकली कुणी?"

"काच तडकते. पाण्याचा थेंब उडाला तरी फुटते."

"पंधरा वर्षांत फुटली का?"

"वीजही पुष्कळ खातो."

"अहो, आज झालंय काय तुम्हाला? दिवसाचे शब्द सकाळीच संपवताय." बाईंनी कागदाची पुन्हा घडी घालून त्यांच्या खिशात सारली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो हे खरं, पण आठ वर्षं फुंकायचं म्हणजे अतीच झालं. शिवाय त्यांना कळत होतं, की घाबरतायत हे ऑपरेशनला, आणि भीती काढतायत बिचाऱ्या दिव्यावर. पुरुषांचं असंच असतं. म्हणून त्यांनी काकांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "काही होत नाही. डोळ्यात औषध घालतात, दुखतसुद्धा नाही म्हणे."

लेक न्यायला आली. काका गाडीत बसले आणि पुन्हा उतरले. मागच्या अंगणाकडे बघत म्हणाले, "दाराला कान लावण्यापेक्षा जरा उघडून बघत जा."

"आणि झोत आत सोडू? तुम्ही व्हा पुढे."

काकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि ते गाडीत जाऊन बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ ज्याने झाकलेली असते, त्याला तीन दिवस परगावी जाता येत नाही.

त्या दिवशी दुपारभर छान ऊन होतं. खोलीचं छप्पर तापलं, म्हणून बाईंनी दिवा तीन कड्या वर घेतला. संध्याकाळी दाणापाणी घातलं तेव्हा पिल्लं कडंभर पसरून मजेत होती. नंतर वारं फिरलं. आभाळ स्वच्छ होतं आणि उत्तरेकडून असं गार यायला लागलं, की बाईंनी स्वतःला आणखी एक शाल काढली. झोपण्यापूर्वी त्या अंगणात गेल्या, दाराला कान लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. आत चिटपाखरूही बोलत नव्हतं. "शहाणी गं माझी," बाई म्हणाल्या आणि जाऊन झोपल्या. झोप शांत लागली.

सकाळी त्या तोंड धूत होत्या तेव्हा शिवणवाली मागच्या दाराने आत आली. केस विंचरलेले नाहीत, डोळे लाल.

"बाई, पिल्लांना काय झालंय? काल रात्रीपासून नुसता आक्रोश चाललाय. आमच्या घरात कुणाला झोप नाही."

"कुणाची पिल्लं?"

"तुमची! आताही ओरडतायत. ऐका की."

बाईंनी ऐकलं. शिवणवालीचा श्वास ऐकला, नळाचं पाणी ऐकलं, लांबून जाणारी मोटार ऐकली. अगदी कान देऊन ऐकलं, एक्स्चेंजमध्ये खरखरणाऱ्या लाइनवर ऐकायच्या तसं. बाकी काही नव्हतं. आणि शिवणवाली मात्र आवाज सहन होत नसल्यासारखी डोळे बारीक करून उभी होती. तिच्या त्या चेहऱ्याकडे बघून बाईंनी नळ बंद केला.

त्यांनी जाऊन दार उघडलं. दिव्याच्या खाली पिल्लांचा ढीग झाला होता. वरची खाली घुसायला बघत होती, खालची दबली होती, आणि साठच्या साठ चोची उघड्या होत्या. उघडत होत्या, मिटत होत्या. बाईंना एकही आवाज येत नव्हता. साठ नव्हे, हे नंतर कळलं. सात चोची मिटलेल्या होत्या.

मग काय केलं ते बाईंना नीट आठवत नाही. हात मात्र सगळं करत गेले. दिवा पाच कड्या खाली. ढीग हलक्या हाताने मोकळा केला. जी गार पडून लोळत होती ती त्यांनी शालीत घेऊन छातीशी धरली, शिवणवालीने पाणी कोमट करून आणलं, आणि एकेकाची चोच त्यात बुडवली. तासाभराने त्रेपन्न पिल्लं आपल्या पायांवर उभी होती. सात बाईंनी एका जुन्या बुटाच्या खोक्यात ओळीने ठेवली.

शिवणवाली उंबऱ्यावर बसली होती. सहज बोलून गेली, "काका असते तर हे झालं नसतं."

"का? काका काय करणार होते?"

"म्हणजे ते दिवा खाली करतात ना. दिवसातून चारदा येतात. पहाटे तर रोज. माझ्या खिडकीतून दिसतं. पिल्लं ओरडली की हे आलेच. कड्या खालीवर करतात, जरा थांबतात, आवाज बंद झाला की जातात." ती बाईंकडे बघून थांबली. "मला वाटलं, तुम्हीच सांगता त्यांना."

शिवणवाली गेल्यावर बाईंनी साखळीच्या आकड्याशेजारचा खांब पाहिला. त्यावर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. त्यांना इतके दिवस वाटायचं, सुताराच्या असतील. जवळ जाऊन बघितलं तर रेघा घड्याळाच्या तबकडीवर असतात तशा एकसारख्या होत्या, आणि प्रत्येकीशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: पहाट, दोन खाली. दुपार, तीन वर. वारा, चार खाली. खालपासून वरपर्यंत खांब भरला होता. दिवा हलवलेला कधी दिसला, तर मीच हलवला असेन असं त्या धरून चालायच्या. आपला हात आता आपोआप चालतो, असं त्यांनी शिवणवालीला कौतुकाने सांगितलंही होतं.

त्या खाली भुशात बसल्या. आधी लाज वाटली. मग राग आला. आणि मग भीती वाटली, खरीखुरी. दिवा आज पडला, भुसा आज तडतडला, तर? ऐकणार कोण? आणि पिल्लं सोडून दिली, तर सकाळी उठून करायचं काय? एक्स्चेंज बंद झालं तेव्हा नुसती नोकरी गेली होती. हे गेलं तर ऑपरेटरबाई म्हणजे नुसती एक म्हातारी उरणार होती, मोठ्याने बोलणारी.

पण त्रेपन्न जीव समोर होते, आणि थंडी काही बाईंच्या मनाची वाट बघत थांबणार नव्हती. शिवणवालीच्या सासूला खोलीत स्टुलावर बसवून, "ढीग व्हायला लागला तर दिवा खाली घ्या" असं बजावून, बाई खाद्याच्या दुकानात गेल्या.

दुकानात गिऱ्हाइकं होती. दुकानदार म्हणाला, "या बाई! नवा दिवा पाहिजे?"

"तो गरम पाट दाखवा."

"तुम्हाला? तुम्ही तर कानाने..." दुकानदार हसला. "सगळ्या गिऱ्हाइकांना मी तुमची गोष्ट सांगतो."

"आता नका सांगू," बाई म्हणाल्या. "मला पिल्लं ऐकू येत नाहीत."

त्यांचा आवाज मुळात मोठा. दुकानातल्या सगळ्यांनी वळून बघितलं. बाईंना वाटलं होतं, हे वाक्य तोंडातून निघालं की जमीन दुभंगेल. काही झालं नाही. एका गिऱ्हाइकाने सुट्टे पैसे मोजले आणि तो निघून गेला.

दुकानदाराने मुकाट्याने पाट काढून लावला. दुसऱ्या काही वस्तूही दाखवल्या. कोळशाची शेगडी बघून बाई म्हणाल्या, "बंद खोलीत कोळसा? म्हणजे पिल्लं आणि मी एकदमच जाऊ." पाट तापल्यावर त्यांनी खाली हात घातला. चटका नव्हता. आजारी माणसाच्या कपाळासारखं ऊबदार लागलं. भुशावर पडला तरी पेट घ्यायचा नाही असं दुकानदार सांगत होता. बाईंनी त्याला सतरा प्रश्न विचारले. पाय किती उंच ठेवायचे? पिल्लाची पाठ वरती टेकेल इतके, आणि पिल्लं वाढली की वाढवायचे. खोली फार गार असेल तर? मग फटी बुजवा, हा पाट खोली तापवत नाही, फक्त पाठ तापवतो. पिल्लांना कळणार कसं की इथे शिरायचं? "चार-पाच तुम्ही घाला," तो म्हणाला, "बाकीची त्यांचं बघून जातील. माणसांसारखीच असतात."

तसंच झालं. दिवा तासभर पेटता ठेवून बाईंनी पाच पिल्लं हाताने पाटाखाली सारली. ती बाहेर आली. पुन्हा सारली. तिसऱ्यांदा त्यांतल्या एकाने पाठ वर टेकवली, डोळे मिटले आणि तिथेच फतकल मारली. मग एकामागून एक त्रेपन्न आत गेली. बाईंनी दिवा विझवला. काळ्या फळीच्या कडेने नुसती चोचींची रांग दिसत होती. मग त्यांनी सात पिल्लांचं खोकं अंगणात पुरलं, आणि उबवणी केंद्राला फोन करून सांगितलं की पुढची खेप पाठवू नका. का, ते विचारायच्या आत ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका आले. एका डोळ्यावर पांढरी पट्टी. लेक गाडी लावत होती, तोवर ते चप्पलही न काढता सरळ मागच्या अंगणात गेले. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. काका दाराशी थांबले, मान तिरकी करून ऐकलं, मग दार उघडून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

शेवटी बाईच गेल्या. काका पाटासमोर उभे होते.

"किती गेली?" त्यांनी विचारलं.

"सात."

काका खाली बसले. पट्टी नसलेल्या डोळ्यात पाणी होतं.

"कधीपासून करत होतात हे?" बाई म्हणाल्या.

"दोन वर्षं. थोडं जास्तच."

"कळलं कसं?"

"एक गजराचं घड्याळ दुरुस्त केलं होतं. ते तुझ्या शेजारी वाजलं. बारीक आवाजाचं. तू वाचत होतीस, मान वर केली नाहीस. मला वाटलं, गजर पुन्हा बिघडला. उघडून बघितलं." काका थांबले. "बिघडला नव्हता."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. बाहेर आलो तर तू शिवणवालीला सांगत होतीस, तडतड कशी ऐकली ते. इतकी खुशीत होतीस. म्हटलं, उद्या सांगू."

"आणि उद्या दोन वर्षं आला नाही."

"नाही."

बाईंना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. "तुम्ही मला जपलंत," त्या म्हणाल्या. "मी दाराला कान लावून उभी राहायचे, खुळ्यासारखी, आणि तुम्ही मागून येऊन सगळं सावरायचात. मला सांगितलं असतंत तर मी उघडून बघितलं असतं. माझे डोळे चांगले आहेत. सात जीव गेले ते माझ्या कानामुळे नाही. तुमच्या मायेमुळे गेले."

काकांनी एकही शब्द खोडला नाही. "हो," ते म्हणाले.

भांडण असं एका शब्दात संपलं की पुढे काय करावं तेच कळत नाही. बाई काकांशेजारी बसल्या. पाटाखालून एक पिल्लू बाहेर आलं, दोन दाणे टिपून परत आत गेलं. त्याला कुणाची गरज पडली नाही.

"मागचा उजवा पाय बुटका बसलाय," काका एका डोळ्याने बघत म्हणाले.

"मग नीट करा. घड्याळजी कोण आहे, मी का?"

काकांनी खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला. इस्पितळातही तो त्यांच्या खिशातच होता. चारही पाय एका पातळीत आल्यावर बाई म्हणाल्या, "यापुढे एकच करायचं. जे ऐकू येईल ते मला सांगायचं. गोड करून नाही. जसं असेल तसं."

"सांगेन."

लेक बाईंना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कागदावर एक रेघ दाखवली, डावीकडे सपाट आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेलेली. माणसांचे आवाज बरेचसे शाबूत होते. वरचे, बारीक आवाज गेले होते. यंत्र मागवलं, ते यायला वेळ होता, आणि यंत्राने पिल्लं ऐकू येतीलच असं डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. बाईंनी हे सगळं घरी येऊन शिवणवालीला सांगितलं, रेघेसकट. झाकून ठेवायची त्यांना सवयच नव्हती.

काकांनी एका भिंतीवरच्या मोडक्या घड्याळाची गोल काच काढली आणि पिल्लांच्या खोलीच्या दारात भोक पाडून तिथे बसवली. आता दार न उघडता आत बघता येत होतं. थर्मामीटरचं तोंडही खोलीकडे फिरलं. त्रेपन्न पिल्लांना पिसं आली, लोक येऊन घेऊन गेले. एकदा रस्त्यात त्या लग्न ठरत नसलेल्या मुलीची आई भेटली. मुलीचं ठरलं होतं. "तुमचा हात!" ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "हात ठीक आहे. कान गेलाय." मग घरी येऊन त्यांनी उबवणी केंद्राला फोन केला, आणि साठ पिल्लं पाठवा म्हणून सांगितलं.

खेप आली त्या दुपारी वारं सुटलं होतं. दोघांनी दारासमोर दोन स्टुलं टाकली होती. काकांच्या दुसऱ्या डोळ्याला अजून अवकाश होता, पण एकाने छान दिसत होतं. बाईंनी काचेतून बघितलं. पाटाखाली दाटी झाली होती, आणि पलीकडे पाण्याच्या भांड्याशी काहीतरी पिवळं हलत होतं.

"काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक गप्प आहेत. एक बाहेर राहिलंय. रडतंय."

बाईंचा हात सवयीने साखळीसाठी वर गेला. साखळी नव्हती. दोन वर्षं हा माणूस अंथरुणातून उठून हाच आवाज ऐकत इथे येत होता, थंडीत, चप्पल हातात घेऊन, आपल्याला जाग येऊ नये म्हणून. बाई वळून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काकांच्या कपाळावर दोन आठ्या होत्या, स्क्रू फिरत नसला की पडायच्या तशा. थोडा वेळ त्या तशाच राहिल्या. मग एक गेली. मग दुसरी गेली.

"गेलं ना आत?" बाई म्हणाल्या.

काका दचकले. "ऐकू आलं तुला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "दिसलं."